शेल्बीची तिसरी फेरी

शेल्बीशी वाद घालू नका, असं मी शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या पोरीला पहिल्याच दिवशी सांगते. हरण्यात काही लाज नाही. पण जिंकल्यानंतरही ही बया बोलतच राहते आणि तोवर पुढ्यात शेवंडांचा ढीग साचतो.

आमच्या गल नेकच्या धक्क्यामागे शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, साठवायची मोठी शेड आहे. तिथली मी मुकादम, आणि शेल्बी माझी सगळ्यांत तरबेज निवडणारी. नात्याने ती माझ्या चुलतबहिणीची मुलगी लागते, पण नोव्हा स्कॉशियाच्या या टोकाला कोण कोणाचं नातेवाईक नाही ते विचारा, यादी लवकर संपेल. बोटीवरून माल आला की एकेक शेवंड पाठीला धरून उचलायचं. नांग्या वर करून शेपूट आपटलं की ते धडधाकट. नांग्या लोंबल्या की अशक्त, आणि अशक्त शेवंड तिथल्या तिथे ताज्या पाण्यात सोडायचं. संध्याकाळी बघू, उद्या बघू, हे तिथे चालत नाही. या कामाने शेल्बीचा स्वभाव घडला की त्या स्वभावामुळे ती या कामाला आली, देव जाणे. क्लेटनला लग्नाचं तिनेच विचारलं, कारण तो "बघू, हंगाम संपू दे" म्हणत होता आणि आमच्याकडे एक हंगाम संपला की दुसऱ्याची तयारी सुरू होते.

क्लेटनची आई यूनिस म्हणजे अगदी दुसरं टोक. तिच्या स्वयंपाकघरात बोटींचा रेडिओ दिवसभर चालू असतो. नवऱ्याची उमर समुद्रावर गेली, आता मुलाची जातेय, आणि ही ओट्याशी बटाटे सोलत सगळ्या बोटींचं बोलणं ऐकते. स्वतः मात्र बोलायचं बटण तिने जन्मात दाबलेलं नाही. किनाऱ्यावरची काळजी बोटीवर पाठवायची नाही, हा आमच्या बायकांचा जुना नेम आहे आणि यूनिसने तो अंगी बाणवलेला. सासू-सुनेचं भांडण कधी झालं नाही; एकटीने किती भांडणार?

शेल्बीला दिवस गेले तेव्हा तिने पोटातल्या बाळाचं नाव 'भाडेकरू' ठेवलं. ऑक्टोबरमधल्या एका सकाळी ती कामाच्या मध्येच थांबली आणि हातमोजा काढून तिने पोटावर हात ठेवला.

"आर्डी, भाडेकरू आज गप्प आहे."

"झोपला असेल."

"दहाच्या चहाला रोज लाथा घालतो. आज चहा झाला, बिस्किट झालं, वर माझं गाणं म्हणून झालं."

"तुझ्या गाण्यानेच बिचारा दबून बसला असेल," मी म्हटलं. पण तिने तोवर हॉस्पिटलला फोन लावलासुद्धा. तिकडच्या नर्सने सांगितलं, लगेच ये. क्लेटन धक्क्यावर शेवंडं पकडायच्या पिंजऱ्यांना दोर बांधत होता, तो तसाच मळक्या कपड्यांनी तिला घेऊन गेला.

तिथे पोटावर दोन पट्टे बांधतात. एकावर बाळाच्या काळजाचे ठोके लागतात, दुसऱ्यावर कळा. आणि हातात एक बटण देतात, बाळ हललं की दाबायला. मोनीक नावाची नर्स पट्टा बांधत होती तोच भाडेकरूने त्या पट्ट्यालाच अशी लाथ हाणली की तो सरकला. ठोक्यांचा आवाज खोलीभर घुमायला लागला, अगदी जुन्या बोटींच्या इंजिनासारखा. क्लेटन म्हणाला, "आधी सांगायचंस, मी मासे शोधायचं यंत्रच लावलं असतं तुझ्या पोटाला. तेवढंच पेट्रोल वाचलं असतं." सगळं ठीक निघालं आणि दोघं वाटेत तळलेले बटाटे खाऊन घरी आली.

नोव्हेंबरात पुन्हा तेच झालं. या वेळी ती एकटीच गाडी हाकत गेली, पट्टे बांधून घेतले, भाडेकरू ठणठणीत निघाला, परत आली. आता मात्र गावाला विषय मिळाला. धक्क्यावरची टवाळ पोरं तिला बघून "लांडगा आला रे आला" म्हणून ओरडायला लागली. एकाने विचारलं, "काय गं, हॉस्पिटलात तुझी खाट राखून ठेवलीय का?"

"ठेवलीय ना. तुझ्या बोटीवरच्या खाटेपेक्षा मऊ आहे, आणि वासही मारत नाही."

त्या रविवारी यूनिसकडे माशाची गंजी जेवायला आम्ही सगळे होतो. यूनिसने भिंतीवरच्या हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काटा उतरलाय. हवा पडली की पोटातलं पोर झोपतं. शिवाय शेवटी शेवटी आत जागा राहत नाही, मुलं गप्प होतातच."

"मोनीक म्हणते तसं काही नसतं," शेल्बी म्हणाली. "म्हणते, शेवटपर्यंत रोजच्यासारखंच हलायला हवं. कमी वाटलं की यायचं, कितीदाही."

"मोनीकला मुलं किती?"

"चार."

यूनिसने गंजीचं पातेलं माझ्याकडे सरकवलं आणि विषय तिथेच संपला.

भांडी घासताना मात्र शेल्बीने मला कोपऱ्यात गाठलं. "आर्डी, आता पुन्हा तसं वाटलं तर मी जाईन की नाही, मलाच माहीत नाही."

"का?"

"दोनदा हसं झालं. तिसऱ्यांदा गेले तर त्या नर्सच म्हणतील, आली पुन्हा ही भित्री भागूबाई. मला लाज वाटते."

माझ्या हातातली बशी पडता पडता राहिली. ही बाई भर चर्चमध्ये पाद्र्याला "प्रवचन लांबलं" म्हणून सांगते, आणि हिला लाज! मी तिला चार शब्द सुनावले. म्हटलं, हसणाऱ्यांचे दात दिसतात, तुझं काय जातं? ती "हो हो" म्हणाली. पण तिचं "हो हो" मला पटलं नाही, कारण त्यात वाद नव्हता.

नोव्हेंबरचा शेवटचा सोमवार म्हणजे आमचा पिंजरे सोडायचा दिवस. उजाडायच्या आत सगळं गाव धक्क्यावर असतं. पाद्री आशीर्वाद देतो, बायका गरम चहा वाटतात, आणि पिंजऱ्यांनी शिगोशीग भरलेल्या बोटी वेळ होताच एकामागून एक निघतात. जो आधी पोहोचेल त्याला चांगली जागा, आणि वर्षाची निम्मी कमाई त्या पहिल्या दिवसांवर. त्या दिवशी धक्क्यावर कोणी वाईट शब्द काढत नाही. डुकराचं नाव घेत नाही, निरोपाचं 'येतो', 'जातो' म्हणत नाही. बोट धक्क्यावरून सुटताना सूर्याबरोबर, म्हणजे उजवीकडून, वळवायची, उलटी नाही. आणि निघालेली बोट परत फिरवायची नाही, मेलं तरी.

क्लेटन दोर सोडता सोडता वाकून म्हणाला, "भाडेकरू काय म्हणतो?"

"झोपलाय," शेल्बी म्हणाली.

"काल मी पोटाला कान लावला तेव्हाही झोपला होता."

"तुझ्यावर गेलाय. हंगाम संपल्यावर उठेल."

तो हसला, सगळेच हसले. बोट सुटली, सूर्याबरोबर वळली आणि रांगेत लागली. शेवटच्या बोटीचा दिवा बंदराच्या तोंडाबाहेर जाईपर्यंत शेल्बी हात हलवत राहिली. मग तिने तोच हात माझ्या दंडावर ठेवला. हातमोज्यातूनही तो मला गार लागला.

"आर्डी, काल संध्याकाळपासून हा नीट हललाच नाही. रात्री एकदा काहीतरी जाणवलं, पण ती लाथ नव्हती. नुसतं कलंडल्यासारखं."

"मग त्याला का नाही सांगितलंस?"

"आज? इथे?"

मीही सांगितलं नसतं. आमच्या गावातल्या एकाही बाईने सांगितलं नसतं. बाकीच्या जगात बायको नवऱ्याचा हात धरून म्हणेल, गाडी काढ. आम्ही चहाचे कप गोळा करतो.

यूनिस आमच्या मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "पुन्हा?" ती म्हणाली. "आजच्या दिवशी? संध्याकाळी बोटी येऊ देत. क्लेटन नेईल तुला. आधी दोनदा काय झालं? काही नाही."

आणि शेल्बी घुटमळली. मी तिला जन्मापासून ओळखते, ती घुटमळलेली मी पहिल्यांदा पाहिली. तिने बंदराच्या तोंडाकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, चहा पीत उभ्या असलेल्या गावाकडे पाहिलं. माझ्या जिभेवर यूनिससाठी असे काही शब्द आले होते की पाद्री तिथेच आडवा झाला असता. पण शेल्बीच आधी बोलली.

"असं शेवंड मी शेडमध्ये संध्याकाळपर्यंत ठेवलं असतं, तर आर्डीने मला कामावरून काढलं असतं. आर्डी, किल्ली कुठेय तुझी?"

माझी गाडी धक्क्यावरच होती. उजवीकडे कुणीतरी पिंजऱ्यांची ट्रॉली लावून ठेवलेली, म्हणून मी गाडी डावीकडून वळवली. मागून यूनिसचा आवाज आला, "सूर्याबरोबर! आर्डिथ, सूर्याबरोबर वळव!" आयुष्यात पहिल्यांदा मी जाणूनबुजून उलटी वळले. देवाला म्हटलं, हिशेब माझ्या नावावर मांड, पोरीच्या नको.

वाटेत ती भाडेकरूला दटावत होती. "हे बघ, बऱ्या बोलाने लाथ घाल. तुझ्यापायी तिसऱ्यांदा तोंड दाखवायला चाललेय." मग मला म्हणाली, "तिथे पोहोचल्यावर हा नाचायला लागला तर मी मोनीकला काय सांगू?"

"सांग की आर्डीला शहरात सामान घ्यायचं होतं, म्हणून आलो."

ती हसली खरी. पण हात पोटावरून काढला नाही.

मोनीक दारातच भेटली. शेल्बीने तोंड उघडायच्या आधी म्हणाली, "बरं झालं आलीस."

"तिसऱ्यांदा," शेल्बी म्हणाली.

"मी मोजत नाही. चल, झोप इथे."

पट्टे बांधले. ठोके लागले, आणि माझा जीव भांड्यात पडला. पण मोनीकचा नाही पडला, हे मला तिच्या पाठीवरून कळलं. एरवी ती बोलघेवडी बाई. तिच्या गावच्या फ्रेंच म्हाताऱ्यांचे किस्से सांगत असते. आज ती कागदावर उमटणाऱ्या ठोक्यांच्या रेघेकडे बघत गप्प होती. ती रेघ वरखाली थरथरायला हवी, हे मी शेल्बीकडून ऐकलं होतं. ही सरळ चालली होती, आणि मध्येच एकदम खाली उतरून सावकाश वर येत होती. मोनीकने शेल्बीला डाव्या कुशीवर वळवलं, रस पाजला. शेल्बीचा अंगठा त्या बटणावर होता. तो तसाच राहिला.

डॉक्टरीणबाई आल्या. वयाने शेल्बीएवढ्याच असतील. त्यांनी पोटात काय दिसतं ते यंत्र लावून पाहिलं, मग खाटेच्या कडेला बसल्या आणि सरळ सांगितलं. "बाळ लहान आहे. भोवतीचं पाणी कमी झालंय. वारेतून त्याला हवं तेवढं मिळत नाहीये, म्हणून ते हालचाल वाचवून ठेवतंय. त्याला आता बाहेर काढलेलं बरं. शस्त्रक्रिया करून, आत्ताच."

"आत्ता म्हणजे आत्ता?"

"हो."

"मग बसलात कशाला?" शेल्बी म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या आणि उठल्या. त्या बाहेर गेल्यावर शेल्बीने माझं मनगट धरलं. "आर्डी, मला फार भीती वाटतेय. माझं बाळ जाईल का गं?"

मला खोटं बोलता येत नाही, आणि खरं माहीत नव्हतं. मी म्हटलं, "तू आलीयेस. तुझ्या हातात होतं ते तू केलंस. आता त्यांना त्यांचं करू दे." आणि दाराबाहेर जाऊन यूनिसला फोन केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते सगळं सांगितलं. पलीकडून फक्त रेडिओची खरखर ऐकू आली. मग यूनिसने फोन ठेवून दिला. मी मनात म्हटलं, दगड आहे ही बाई.

पुढे काय झालं ते मला त्या दिवशी समुद्रावर असलेल्या प्रत्येक माणसाने वेगवेगळं सांगितलंय. बोटी पिंजरे टाकत होत्या, रेडिओवर जागांवरून नेहमीची शिवीगाळ चालली होती. तेवढ्यात एक बाईचा आवाज आला. आधी कोणी ओळखलाच नाही, कारण कोणी तो रेडिओवर कधी ऐकला नव्हता. "क्लेटन, मी आई बोलतेय. शेल्बीच्या बाळाचं ठीक नाही. हॉस्पिटलात तिला कापायला घेतायत. तू परत फीर." सगळ्या गावादेखत, उघड्या रेडिओवर! आणि एकेका बोटीवरून आवाज आले, "फीर रे क्लेटन. तुझी जागा कोणी घेत नाही. घेईल त्याचे दोर कापू." अर्धे पिंजरे डेकवर तसेच असताना त्याने बोट फिरवली. सूर्याबरोबर फिरवली की उलटी, हे कोणी पाहिलं नाही असं सगळे सांगतात. म्हणजे उलटीच फिरवली असणार.

इकडे मला हिरवा डगला घालून आत नेलं. शेल्बीच्या छातीपाशी पडदा होता. पडद्यापलीकडे डॉक्टर आपसांत बोलत होते आणि पडद्याअलीकडे शेल्बी भूल देणाऱ्या माणसाला सांगत होती की त्याची टोपी उलटी आहे. मग तिकडून कोणीतरी म्हणालं, "मुलगी." शेल्बी बोलायची थांबली. आम्ही दोघी बाळाच्या रडण्याची वाट पाहत होतो. ते आलं नाही. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती माणसं वाकली होती, कोणी धावत नव्हतं, कोणी ओरडत नव्हतं, सगळ्यांचे हात भराभर चालले होते. मला प्रार्थना आठवेना. नुसतं "ए पोरी, ए पोरी" एवढंच मी म्हणत होते. आणि मग त्या टेबलावरून बारीक, चिडका, किरकिरा आवाज आला. तो वाढला, आणि थांबायचं नाव घेईना.

"आईवर गेलीय," मोनीक म्हणाली.

क्लेटन पोहोचला तेव्हा पायात रबरी बूट आणि अंगाला पिंजऱ्यांतल्या आमिषाचा वास. मोनीकने त्याला दारातच अडवून धुवायला पाठवलं. मुलगी काचेच्या पेटीत होती, मूठभर, पण डॉक्टरीणबाई खूश होत्या. क्लेटनने विचारलं, "संध्याकाळी आली असती तर?" त्या म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही. आत्ता आली, म्हणून मी तुमच्याशी हसून बोलतेय." क्लेटन भिंतीला टेकून खाली बसला आणि मोठमोठ्याने रडला. मीही रडले, का लपवू?

दुसऱ्या दिवशी मी यूनिसला घेऊन गेले. क्लेटन खाली काहीतरी खायला गेला होता. शेल्बी टाके सांभाळत खुर्चीत बसली होती, शेजारी पेटीत मुलगी. यूनिस आत आली आणि पेटीपाशी उभी राहिली. कोट काढला नाही, पर्स काखेतून खाली ठेवली नाही. मुलगी पाय झाडत होती, ते ती बराच वेळ बघत होती. मी कुत्सित काहीतरी बोलायच्या बेतात होते. बरं झालं बोलले नाही.

"माझी दोन दिवस गप्प होती," यूनिस म्हणाली.

शेल्बीने मान वर केली. "कोण?"

"क्लेटनच्या आधीची. पिंजरे सोडायचा आठवडा होता. गाडी चालवणारा गावात कोणी उरलेला नव्हता, सगळे समुद्रावर. मी म्हटलं, बोटी येऊ देत. सासू म्हणाली, हवा पडलीय, झोपली असेल. मलाही ते खरं मानून घ्यायचं होतं. सगळ्यांनी तेच सांगितलं, मग मीही तेच सांगत आले. नाहीतर मग माझीच चूक..."

शेल्बीने हात लांब करून तिच्या कोटाची बाही धरली. "यूनिस, मलाही तिसऱ्यांदा जाववत नव्हतं. माझ्यासाठी आर्डी गाडी घेऊन उभी होती. तुझ्यासाठी कोणी नव्हतं. फरक एवढाच आहे गं. तुझी चूक नव्हती."

"क्लेटनला माहीत नाही. त्याच्या बापाने पुन्हा विषय काढू नको म्हटलं, आणि मी काढला नाही."

"तिचं नाव काय होतं?"

"नाव ठेवलं नाही कोणी. थडग्यावर दगडही नाही."

"पण तू काय म्हणायचीस तिला?"

यूनिस खाटेच्या कडेवर बसली. पर्स मांडीवर घट्ट धरून तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, जशी काही मी उठून जाईन अशी तिला आशा होती. मी हलले नाही.

"पर्ल," ती म्हणाली. मग आणखी एकदा, जरा मोठ्याने. आणि त्यानंतर ती बाई अशी रडायला लागली की मोनीकने येऊन हळूच दार लावून घेतलं.